वर्गणीची वही
(प्रस्तावना)

पनवेलहून रोह्याकडे जाताना पेण, कासू, नागोठणे ही स्थानकं मागे पडली की रोहा येण्याआधी एक लहानसं स्थानक लागतं. त्याचं नाव निडी. लांब पल्ल्याच्या गाडीतला प्रवासी ही पाटी वाचेपर्यंत ती मागे गेलेली असते. इथे राहणाऱ्या माणसाचं मात्र अर्धं आयुष्य या मार्गाच्या वेळापत्रकावर बेतलेलं असतं. बाजार रोह्याला नाहीतर नागोठण्याला, आरटीओचं काम पेणला, जिल्हा रुग्णालय अलिबागला आणि त्याहून मोठा आजार असेल तर पनवेल किंवा मुंबई.

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतल्या अशा गावांत काय नाही, असं विचारलं तर मोठ्या गोष्टी कुणी सांगत नाही. रेल्वे आहे, महामार्ग जवळ आहे, धाटावची औद्योगिक वसाहत आहे. नसतात त्या लहान लहान सेवा. म्हातारीला तपासणीला नेऊन परत आणणारी भरवशाची गाडी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची ड्रेसिंग बदलायला घरी येणारी प्रशिक्षित बाई. भातकापणीच्या चार दिवसांत भाड्याने मिळणारं यंत्र. दहावी-बारावीच्या मुलांना रात्री दहापर्यंत उघडी असणारी अभ्यासिका. यातल्या एकाही कामात बाहेरच्या व्यापाऱ्याला पुरेसा नफा दिसत नाही आणि सरकारी योजनेच्या चौकटीत ही कामं नेमकी बसत नाहीत. गावाला मात्र ती रोज हवी असतात.

अशी एखादी सेवा आपल्या गावात सुरू करावी, तिच्यावर स्वतःचं पोट भरावं आणि गावाचंही भलं व्हावं, असं ज्याला किंवा जिला वाटतं, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. त्यांची पहिली अडचण ठरलेली असते. बँक तारण मागते. सावकाराचं व्याज परवडत नाही. पुढाऱ्याच्या मदतीला पुढाऱ्याचं नाव चिकटतं. मग उरतो तो मार्ग, ज्याला आता सगळीकडे क्राउडफंडिंग म्हणतात, म्हणजे पुष्कळ माणसांकडून थोडे थोडे पैसे घेऊन भांडवल उभं करणं.

हा शब्द नवा असला तरी आपल्या हाडात मुरलेली रीत तीच आहे. देवळाचा जीर्णोद्धार, भजनी मंडळाची पेटी, सार्वजनिक गणपती, शाळेची एखादी खोली हे सगळं कोकणात वर्गणीवरच उभं राहिलं. गावाची वर्गणी कमी पडली की मुंबईच्या चाकरमान्यांच्या मंडळाकडे निरोप जायचा आणि गिरगाव-परळच्या एखाद्या खोलीत बैठक बसून आकडा ठरायचा. तेव्हा वर्गणी कशी मागावी हे इथल्या माणसाला शिकवायची गरज नाही. शिकायचं आहे ते वेगळंच. गणपतीची वर्गणी विसर्जनाबरोबर संपते आणि देणारा ती विसरून जातो. सेवाव्यवसायासाठी घेतलेली वर्गणी संपत नाही. तिच्यातून आलेली गाडी पुढच्या श्रावणातही चालायला हवी, तिच्या चालकाला महिन्याच्या महिन्याला पगार मिळायला हवा, आणि पैसे देणारा रोज त्या गाडीकडे बघणार असतो. या पुस्तिकेतलं सगळं सांगणं या एका फरकातून निघालं आहे.

या दोन तालुक्यांच्या मातीशी या विषयाचं नातं जुनं आहे. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. भूदानामुळे ते जगाला माहीत झाले, पण त्यांची सर्वोदय-पात्राची कल्पना आपल्या कामाला जास्त जवळची आहे. घरात एक भांडं ठेवायचं आणि घरातल्या लहान मुलाने त्यात रोज मूठभर धान्य टाकायचं. विनोबांना त्या धान्याच्या वजनाइतकीच रोज टाकणाऱ्या हाताची किंमत होती. एकदाच पोतंभर देणारा दाता काम सुरू करून देतो. रोज मूठ टाकणारं घर त्या कामाशी बांधलं जातं.

रोह्यात १९२० साली पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. त्यांच्या स्वाध्याय परिवारातल्या कोळी बांधवांनी ‘मत्स्यगंधा’ नावाच्या नौका उभ्या केल्या. आपल्या मिळकतीतला देवाचा वाटा बाजूला काढून नौका घ्यायची, तिच्यावर पाळीपाळीने विनामोबदला काम करायचं आणि तिची कमाई गरजवंतांसाठी वापरायची, अशी ती रीत. भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी व्यवहाराच्या अंगाने इथे शिकण्यासारखं पुष्कळ आहे. वर्गणी फक्त रोकड नसते. ज्याच्याकडे पाचशे रुपये नाहीत त्याच्याकडे महिन्यातले दोन दिवस असतात, आणि व्यवसायाच्या पहिल्या वर्षात ते दोन दिवस पाचशे रुपयांइतकेच मोलाचे ठरतात.

तिसरं नाव चिंतामणराव देशमुखांचं. जन्म महाडजवळच्या नाते गावचा आणि घराण्याचं नातं रोह्याशी. १९४३ मध्ये ते रिझर्व बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि स्वातंत्र्यानंतर देशाचे अर्थमंत्री. ते अर्थमंत्री असताना ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी झाली. खेड्यातला माणूस जे कर्ज काढतो त्यात सहकारी संस्थांचा वाटा तेव्हा जेमतेम ३ टक्के निघाला आणि बराच मोठा वाटा सावकारांचा. इंपिरियल बँकेची स्टेट बँक करून तिच्या शाखा खेड्यांकडे नेण्याचा निर्णय १९५५ साली झाला, त्याच्या मागे ही पाहणी होती. शाखा आल्या आणि पुष्कळ काही बदललं. तरी तारण नसलेल्या, पहिल्यांदाच धंद्यात उतरणाऱ्या माणसाला बँकेच्या काउंटरपाशी आजही अवघडल्यासारखं होतं. ही उणीव भरून काढायची तर मूठभर धान्य, पाळीचे श्रम आणि चोख हिशेब या तीनही गोष्टी एकत्र आणाव्या लागतील, आणि या परिसराला त्यांतली एकही परकी नाही.

महाराष्ट्राने हा प्रयोग फार पूर्वी, फार मोठ्या मनाने करून पाहिला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड सुरू केला. दरवर्षी प्रत्येकाने एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा राहावा, एवढीच मागणी. लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे एक लाख रुपयांसाठी चौसष्ट लाख माणसांपर्यंत जायला हवं. नुसत्या हिशेबाने पाहिलं तर हे अशक्यच होतं. पण काळ्यांनी पायपीट केली, माणसं जोडली आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारखा परदेशात शिकलेला जाणकार तिथे कामाला लागला. कारखान्याने काचसामान तर बनवलंच, शिवाय कारागीर तयार केले, आणि त्या कारागिरांनी पुढे अन्यत्र काचकाम नेलं. वर्गणी देणाऱ्याला पैशाच्या मोबदल्यात परतावा मिळाला नाही, पण आपल्या पैशातून एक धंदा शिकलेली पिढी उभी राहिलेली त्याने पाहिली.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि तिचा वसतिगृहाचा संसार घरोघरच्या मूठभर धान्यावरही चालवला. समुद्रापलीकडेही असेच दाखले आहेत. न्यू यॉर्कमधला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा ज्या चौथऱ्यावर उभा आहे त्याचा निधी अडला, तेव्हा १८८५ मध्ये जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वृत्तपत्रातून वाचकांना हाक दिली. सुमारे १ लाख ६० हजार माणसांनी मिळून १ लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली, आणि बहुतेकांची देणगी एका डॉलरपेक्षाही कमी होती. देणाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात छापून यायचं, मग रक्कम कितीही लहान असो. आपल्याकडे १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ काढला, आणि चित्रपट लागला तेव्हा आपला चित्रपट म्हणून ते बघायला गेले. पैसा घालणारा माणूस पहिला गिऱ्हाईकही असतो, हे त्या दोन रुपयांनी दाखवून दिलं.

सेवाव्यवसायाच्या दृष्टीने मला सर्वांत जवळचं वाटतं ते साताऱ्याच्या माण तालुक्यातलं उदाहरण. म्हसवडला चेतना सिन्हा आणि तिथल्या कष्टकरी बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व बँकेकडे परवान्यासाठी केलेला पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण पुष्कळ सभासद बायकांच्या सहीच्या जागी अंगठे होते. या बायका घरी जाऊन रडत बसल्या नाहीत. त्या अक्षरं शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या की आम्हाला वाचता येत नसेल, पण हिशेब येतो. कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तेराशेहून अधिक बायकांनी मिळून जमवलेलं सुमारे सात लाख रुपयांचं भांडवल तिच्या पाठीशी होतं. त्या बायकांच्या हाती सगळ्यांत आधी होता तो हिशेब. पैसा आणि परवाना त्याच्या मागून आले.

पेण-रोह्याच्या माणसासमोर हे सांगताना एक जखम झाकून ठेवता येणार नाही. २०१० साली पेणमधल्या एका नागरी सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि असंख्य घरांची पुंजी अडकून पडली. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे, निवृत्तीचे पैसे, गणपतीच्या कारखान्यातल्या कारागिराची हंगामाची कमाई, सगळं त्यात होतं. म्हणून या भागात कुणी “थोडे थोडे पैसे द्या, गावाचं भलं करू” म्हणत आला की समोरचा आधी गप्प होतो. त्याच्या त्या गप्प राहण्याचा राग धरू नये. ते शहाणपण त्याने किंमत मोजून मिळवलेलं आहे, आणि आपल्या प्रयत्नाने त्याचा मान राखायला हवा.

तो मान कसा राखायचा, हे कायद्यापासून सुरू होतं. लोकांकडून पैसे घेण्याचे चार वेगळे मार्ग आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की भला माणूसही अडचणीत येतो.

पहिला मार्ग देणगीचा. देणाऱ्याला काहीही परत मिळणार नाही, हे स्पष्ट सांगून घेतलेला पैसा. त्यासाठी नोंदणीकृत विश्वस्त संस्था, सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी हवी, कारण एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर गावाची देणगी घेणं हे वादाला आमंत्रण आहे. आयकर कायद्याखाली देणगीसाठीची मान्यता असेल तर देणाऱ्याला सवलत मिळू शकते. परदेशातल्या नातेवाइकांकडे जायचं असेल तर आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. तिथे राहणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला नातेवाईक आणि तिथलं नागरिकत्व घेतलेला नातेवाईक यांनी संस्थेला दिलेल्या पैशाकडे कायदा एकाच नजरेने बघत नाही. दुसऱ्याची देणगी २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली येते आणि त्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय ती घेता येत नाही.

दुसरा मार्ग आगाऊ नोंदणीचा. सेवा सुरू होण्याआधीच तिचा पास किंवा कूपन विकायचं. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचा किराणा एकत्र मागवायची पद्धत रुजवली. त्यात मागणी आधी नोंदवली जाते आणि माल नंतर येतो. छोट्या सेवेला हा मार्ग फार मानवतो. मात्र आगाऊ घेतलेला पैसा वहीत कमाई म्हणून मांडू नये. जोवर सेवा दिली नाही तोवर ते देणं आहे.

तिसरा मार्ग कर्जाचा. इथे सर्वांत जास्त जपायला हवं. “वर्षाला इतके टक्के देतो” असं सांगून गावातून ठेवी गोळा करणं २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याने गुन्हा ठरतं, मग हेतू कितीही चांगला असो. कर्ज हवंच असेल तर बँक, पतसंस्था, बचतगट, किंवा रंग दे सारखी रिझर्व बँकेच्या नियमांखाली चालणारी व्यवस्था यांच्याकडे जावं. २००८ पासून काम करणाऱ्या या व्यवस्थेतून सामान्य माणसं खेड्यातल्या उद्योजकांना लहान लहान रकमा कर्जाऊ देतात.

चौथा मार्ग भागभांडवलाचा. खासगी कंपनीला दोनशेहून अधिक सभासद करता येत नाहीत आणि ती लोकांना भाग घेण्याचं जाहीर आवाहनही करू शकत नाही. म्हणून गावासाठी सहकारी संस्था अजूनही सर्वांत सुटसुटीत पडते. १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा माणसं एकत्र आली की ती नोंदवता येते, तिच्यात एका सभासदाला एकच मत असतं, आणि लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा असते. शंभर रुपयांचा भाग घेणारी बाई आणि दहा हजारांचा भाग घेणारा चाकरमानी सभेत एकाच वजनाने बसतात. सामाजिक संस्थांना शेअर बाजारातून निधी उभारू देणाऱ्या सोशल स्टॉक एक्स्चेंजची घोषणा २०१९ च्या अर्थसंकल्पात झाली आणि त्यावर पहिली संस्था सूचिबद्ध झाली ती २०२३ च्या अखेरीस. तो मार्ग मोठ्या संस्थांचा आहे, सुरुवातीला त्याच्या नादी लागू नये.

आता एक हिशेब मांडतो. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, पद्धत मात्र खरी आहे. समजा, निडी आणि आसपासच्या वाड्यांतल्या वृद्धांना तपासणीला नेणारी गाडी सुरू करायची आहे. जुनी पण चांगली गाडी ५ लाखांना. परवाना, विमा आणि पहिली दुरुस्ती ६० हजार. भाड्याने माणसं न्यायची तर पिवळी पाटी हवी, तेव्हा पेणच्या आरटीओच्या दोन-चार फेऱ्या आल्याच. चालकाचा पगार महिना १५ हजार धरला तर सहा महिन्यांचे ९० हजार, आणि अडीअडचणीला ५० हजार. एकूण ७ लाख.

आता जमेची बाजू. दोनशे घरांकडून प्रत्येकी पाचशे, म्हणजे १ लाख. साठ चाकरमान्यांकडून तीन तीन हजार, म्हणजे १ लाख ८० हजार. सहाशे रुपयांचे शंभर आगाऊ पास, म्हणजे ६० हजार. बेरीज ३ लाख ४० हजार. अर्धीसुद्धा रक्कम झाली नाही, असं वाटून पुष्कळ जण इथे हात टेकतात. पण या तक्त्यात रकमेखेरीज आणखी काय जमलं ते पाहा. दोनशे साठ नावं आणि शंभर ठरलेली गिऱ्हाइकं. उरलेल्या ३ लाख ६० हजारांसाठी बँकेत जाताना हातात फक्त स्वप्न नसतं. या सेवेला मागणी आहे, याचा पुरावा असतो.

आणि ते चालकाचे ९० हजार पाहा. लोकवर्गणीतली बहुतेक कामं तिथेच बुडतात. गाडीसाठी पैसे द्यायला माणसं हौसेने पुढे येतात, कारण गाडीला हार घालता येतो. चालकाच्या चौथ्या महिन्याच्या पगाराला हार घालता येत नाही. म्हणून सुरुवातीच्या भांडवलातच पहिल्या सहा महिन्यांची तूट धरली पाहिजे आणि ती धरली आहे हे वर्गणी देणाऱ्याला सांगितलं पाहिजे. एखादा तेवढ्यावरून नाही म्हणेल. त्याचं नाही आत्ता ऐकलेलं बरं.

या पुस्तिकेत पुढे सहा प्रकरणं आहेत. गावाची गरज मोजायची कशी, वरच्या चारपैकी आपला मार्ग कोणता, आवाहन कोणत्या भाषेत लिहायचं, मोबाइलवरून आलेले पैसे आणि हातात आलेले पैसे एकाच कीर्दीत कसे बसवायचे, पैसे कमी जमले तर काय करायचं, आणि सेवा बंद करायची वेळ आलीच तर लोकांना तोंड कसं द्यायचं. शेवटची दोन प्रकरणं आधी वाचावीत, अशी माझी विनंती आहे. ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेपर्यंत जमली नाही तर प्रत्येकाचे पैसे परत, हे वाक्य ज्याला पहिल्या दिवशी लिहिता येतं त्याच्यावर माणसं विश्वास टाकतात.

वर्गणी मागायला निघण्याआधी एक वही आणावी. साधी, लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदार वापरतात तशी. पहिल्या पानावर कामाचं नाव, लागणारी रक्कम आणि पैसे परत करण्याची तारीख लिहावी. दुसऱ्या पानावर पहिली जमा स्वतःची लिहावी, जमेल तेवढी. त्याखालच्या प्रत्येक नावापुढे पावतीचा क्रमांक असावा. महिनाअखेरीस जमा-खर्चाचं पान फळ्यावर लावावं. तो फळा ग्रामपंचायतीबाहेर चालेल, देवळाच्या ओसरीवर चालेल, नाहीतर रोज सकाळी गाडी पकडायला माणसं जिथे थांबतात त्या वाटेवर. दहा रुपये देणाऱ्या आजीने नातवाला सांगावं, “बघ रे, माझं नाव कुठाय,” आणि नातवाला ते तिथे सापडावं.